अगं ऐक: बाबा मागे, मी पुढे, मधे इंटरकॉम

निघण्याआधी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुहागरहून काकूचा फोन आला. "कोजागिरीला या. यंदा नवं बांधायला घरात कोणी नाही." नवं म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांचं, दाराच्या चौकटीवर बांधायचं तोरण. काका जाऊन दीड वर्ष झालंय. बाबा लगेच म्हणाले, एसटीने जातो. मी म्हटलं, माझ्या गाडीवरून जाऊ, किनाऱ्याकिनाऱ्याने, तीन दिवस घेऊन.

बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत. गुडघे, कंबर सगळं ठणठणीत, फक्त कान गेलेत. डाव्याने जवळजवळ काहीच येत नाही आणि उजव्यात मशीन आहे. हेल्मेट चढवलं की ते मशीन शिट्टी मारायला लागतं, त्यामुळे गाडीवर बसताना काढूनच ठेवावं लागतं. मागच्या वर्षी आम्ही वाईला गेलो तेव्हा ते मागून काहीतरी बोलायचे, मी गाडी बाजूला घ्यायचे, हेल्मेट काढायचे, "काय म्हणालात?" असं तीन-चारदा झाल्यावर ते "काही नाही, जाऊ दे" म्हणाले आणि वाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते गप्प बसणं माझ्या मनात वर्षभर टोचत होतं. म्हणून यंदा हेल्मेटचा इंटरकॉम घ्यायचा ठरवला, म्हणजे दोघांच्या हेल्मेटात माईक आणि स्पीकर, चालत्या गाडीवर एकमेकांशी बोलायला.

नाना पेठेतल्या दुकानात मी बाबांना आणि दोन्ही हेल्मेटं घेऊन गेले. दुकानदार भला माणूस होता, पण त्याने सुरुवात केली ती रेंजपासून. हा दीड किलोमीटर चालतो, ह्यात मेश आहे, एका वेळी पंधरा गाड्या जोडता येतात. मेश खरंच चांगली गोष्ट आहे. मोठ्या ग्रुपमध्ये एक गाडी मागे पडून पुन्हा आली की आपोआप जोडली जाते, पेअरिंगची कटकट राहत नाही. पण माझ्या आणि बाबांच्या हेल्मेटमधलं अंतर दोन वितींचं. एकाच गाडीवर दोघं बसणार असाल तर रेंजसाठी पैसे मोजू नका. साधा ब्लूटूथ इंटरकॉम पुरतो. फक्त दोन्ही एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे जोडता येतात, पण तेव्हा अर्ध्या सोयी बंद पडतात.

मी दुकानदाराला तीनच गोष्टी विचारल्या. स्पीकर केवढा आहे, माईक कोणता आहे आणि हेल्मेटच्या आत तो बसतो कसा. आमच्या सेटचे स्पीकर ४० मिलिमीटरचे आहेत, ते पुरे झाले. माईक दोन प्रकारचे मिळतात. पूर्ण बंद हेल्मेटला वायरचा छोटा माईक, तो हनुवटीसमोरच्या भागाला आतून चिकटवायचा. समोरून उघडणाऱ्या हेल्मेटला दांडीवाला माईक, तो गालावरून ओठांपर्यंत वळवून आणायचा. माझं हेल्मेट बंद, बाबांचं उघडणारं, कारण त्यांना चष्मा घालावा लागतो. खोक्यात दोन्ही माईक आहेत ना, हे दुकानातच उघडून बघा. आमच्या एका खोक्यात दांडीवाला नव्हता, तो वेगळा मागून घ्यावा लागला.

दुकानातल्या पोराने बाबांचा स्पीकर ज्या तऱ्हेने बसवला ते बघण्यासारखं होतं. त्याने तो आधी चिकटवलाच नाही. बाबांना हेल्मेट घालायला लावलं, चालू स्पीकर दोन बोटांत धरला, खालून हात घातला आणि कानावर इंच इंच सरकवत राहिला. "काका, आत्ता? आणि आत्ता?" बाबांनी मान हलवल्यावर त्या जागी पेनाने खूण केली. कानाच्या भोकासमोर स्पीकर आला पाहिजे, बोटभर इकडेतिकडे झाला तरी आवाज निम्मा वाटतो. महागडा सेट घेऊन "आवाजच नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांची गोष्ट एवढीच असते.

दुसऱ्या दुकानात एकजण सहज म्हणाला, "जागा कमी पडत असेल तर आतला थर्मोकोल थोडा कोरून देतो." हे कधीही करू देऊ नका. डोकं आपटतं तेव्हा तो थर्मोकोलच मार खातो. स्पीकरसाठी खळगा नसेल तर हेल्मेट बदला, कोरू नका. हेल्मेट घेताना आयएसआयचं चिन्ह आणि आय एस ४१५१ हा आकडा बघून घ्या, मागे बसणाऱ्याचंसुद्धा. कायद्यानेही त्याला हेल्मेट लागतंच.

दिवस पहिला: पुणे ते हरिहरेश्वर

पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघालो. पौड रस्त्याला लागल्याबरोबर कानात बाबांचा आवाज आदळला. ते जीव तोडून ओरडत होते, वाईच्या सवयीने. "बाबा, हळू. तुम्ही माझ्या कानाशीच आहात." दोन मिनिटं शांतता. मग हलकेच, अगदी देवघरात बोलतात तसं, "...येतंय का ऐकू?"

त्या वाक्याच्या आधीचा शब्द गेला होता. आमच्या सेटमध्ये बोललं की लाइन उघडते आणि थोडा वेळ कोणी बोललं नाही की मिटते. उघडताना पहिला शब्द खाल्ला जातो. बाबांचा बोलण्याचा ओघ मुळात संथ, वाक्यावाक्यात थांबणारा, त्यामुळे प्रत्येक वाक्याचं तोंड तुटायचं. पिरंगुटला चहाला थांबलो तेव्हा मी सेन्सिटिव्हिटी वाढवली. मग वाऱ्यानेच लाइन उघडायला लागली, म्हणून पुन्हा एक पायरी खाली आणली. शेवटी तोड बाबांनीच काढली. "मी आधी 'अगं ऐक' म्हणत जाईन. ते गेलं तर जाऊ दे, पुढचं तुला मिळेल." चारही दिवस त्यांनी हा नेम पाळला.

मी माझा नेम सांगितला. मी "दोन मिनिटं" म्हटलं की बोलणं बंद, म्हणजे पुढे वळण, ट्रक किंवा खड्डे आहेत. इंटरकॉम घेणाऱ्या प्रत्येक जोडीने असा एखादा शब्द निघण्याआधी ठरवून ठेवावा. गप्पांत रस्ता विसरायला होतं, हे मला मुळशीच्या पाण्याशेजारीच कळलं.

ताम्हिणीत धबधबे बारीक झाले होते, पण डोंगर अजून ओले हिरवे. घाट उतरताना बाबा कानात झाडांची नावं सांगत होते. मला गाडी चालवताना बाजूला बघता येत नाही, आणि त्या सकाळी बघायची गरजही पडली नाही.

माणगावला हेल्मेट काढलं तर बाबांची डावी पाळी लालबुंद. चष्म्याची काडी आणि स्पीकर यांच्यामध्ये कान चिमटला होता. स्पीकरच्या मागे लावायला फोमच्या गोल गाद्या मिळतात, स्पीकर कानाजवळ आणण्यासाठी. आम्ही पुण्यात दोन्हीकडे एकेक लावली होती. डाव्या कानाने तसंही ऐकू येत नाही, मग तिथली गादी कशाला? ती काढली आणि उजव्याच्या मागे दुसरी म्हणून लावली. डावा कान मोकळा झाला, उजव्याचा आवाज चांगला वाढला. सोबत आलेल्या गाद्या, वेल्क्रोच्या चकत्या, जादा क्लॅम्प फेकू नका. छोट्या पिशवीत घालून बरोबर ठेवा. प्रवासात कामाला येतात त्या ह्याच गोष्टी.

म्हसळ्यावरून हरिहरेश्वरला बाराच्या आत पोचलो. घरगुती खानावळीत कडव्या वालांचं बिरडं, आमटी, भात, सोलकढी. वाढणाऱ्या आजींनी बाबांना "कुठले?" विचारलं. "गुहागरकडचे" म्हटल्यावर एक वाटी बिरडं जास्त आलं. संध्याकाळी प्रदक्षिणेची वाट बंद होती. पायऱ्यांच्या तोंडाशी बसून दोघांनी लाटा बघितल्या.

खोलीत चार्जिंगला प्लग एकच होता. दोन तोंडांची वायर घेतली होती म्हणून निभावलं.

दिवस दुसरा: बागमांडल्याची बोट, दापोलीचा स्पंज

सकाळी बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. बोटीत मी बाबांचं हेल्मेट आरशाला अडकवलं. ही चूक होती. एक तर आरशाच्या टोकाने आतला थर्मोकोल दबतो. दुसरं म्हणजे उघडं हेल्मेट वाऱ्यावर हललं आणि दांडीच्या टोकावरचा काळा स्पंज कुठे पडला ते कळलंच नाही. वेळासच्या रस्त्याला लागल्यावर बाबांच्या आवाजाच्या जागी नुसता फर्रर्र आवाज. वारा सरळ माईकमध्ये जात होता आणि त्यामुळे लाइन मिटतही नव्हती. वीस किलोमीटर ते सहन केलं, मग त्यांना माईक बंद करायला सांगितला.

तो दिवसाचा मधला भाग वाईच्या रस्त्यासारखा गेला. केळशीच्या पुढे समुद्र दिसला, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचं दर्शन झालं, हर्णैला मासळीचा लिलाव चालू होता, सुरमई आणि पापलेटांचे वाटे वाळूवर मांडलेले, बायका बोटांच्या खुणांनी भाव बोलत होत्या. पण मधल्या रस्त्यावर मागून काही ऐकू येत नव्हतं. एकदा पाठीवर थाप पडली. मी थांबले. "काही नाही, तो बगळा बघ म्हणत होतो." बगळा तोवर उडून गेला होता.

दापोलीत बाजारपेठेतल्या एका मोबाइलच्या दुकानात शिरले. काऊंटरवर विशीतला पोरगा. मी माईकची दांडी दाखवली. त्याने ती दोन बोटांत धरून निरखली, आत गेला आणि पुडी घेऊन आला. त्यात शर्टाच्या कॉलरला लावायच्या माईकचे पाच स्पंज. "ताई, रील बनवणारे नेतात हे. बसतो का बघा." थोडा सैल होता. त्याने आतून रबराचं बारीक कडं सरकवलं, वरून स्पंज ओढला. मग स्वतःच म्हणाला, "उलटा लावलाय तुम्ही माईक. खूण आहे ती बाजू तोंडाकडे पाहिजे." दांडीवर पांढरा ठिपका होता, तो पुण्यापासून बाहेरच्या बाजूला राहिला होता. म्हणजे पहिल्या दिवशीही बाबांचा आवाज दबलेलाच येत होता आणि मला वाटत होतं, त्यांचाच आवाज बारीक आहे.

बाहेर येऊन गाडी सुरू केली. "अगं ऐक, त्याने पैसे किती घेतले?" एक अक्षर न तुटता आलं. मला इतकं बरं वाटलं की मी उत्तर द्यायचंच विसरले.

स्पंज जास्तीचे घ्या, चार-पाच. माईक ओठांना जवळजवळ टेकेल एवढा पुढे आणा आणि खुणेची बाजू तपासा.

दिवस तिसरा: दाभोळ, घर, नवं

दापोलीहून दाभोळ, तिथून फेरीबोटीने वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे. बोटीत बाबांनी मशीन कानात घातलं आणि कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांच्या लहानपणी इथे गाड्या नेणारी बोट नव्हती, माणसांची होडी होती. हे त्यांनी मला बोटीत सांगितलं नाही. पलीकडे उतरून हेल्मेट घातल्यावर इंटरकॉमवर सांगितलं. माझ्या लक्षात आलं की समोरासमोर त्यांना माझे ओठ वाचावे लागतात, लोकांच्या गोंगाटात तर फारच. हेल्मेटमध्ये तो ताण नाही. बाकी सगळे आवाज बाहेर राहतात आणि एकच माणूस कानात बोलतं. घरी पंधरा मिनिटांत थकून पेपर उघडणारा माणूस इथे तासन्‌तास बोलत होता.

आवाज पूर्ण वाढवून ठेवायचा मोह मात्र टाळा. उरलेला कान त्यानेच जातो. वारा आत कमी आला की कमी आवाज पुरतो, म्हणून हनुवटीखालचा कापडी पडदा लावा आणि काच नीट बंद ठेवा. मी स्वतः मोठ्या रस्त्यावर कानात फोमचे बोळे घालते. ऐकायला उलटं वाटेल, पण वाऱ्याची घरघर दबते आणि स्पीकरमधलं बोलणं जास्त स्वच्छ येतं.

दुपारी घरी. काकू पडवीत वाट बघत होती. तांदळाची घावनं आणि गूळ घातलेला नारळाचा रस. मागच्या खाचरात भात पिवळं झालं होतं, अर्धं कापून झालं होतं. संध्याकाळी बाबांनी भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडूची फुलं एकत्र घेतली, दोरी वळली आणि दाराच्या चौकटीवर नवं बांधलं. हे दरवर्षी काका करायचे. बाबांनी गाठ मारताना दोनदा सोडून पुन्हा मारली.

दुधाचं पातेलं चुलीवर असताना काकूला माझं हेल्मेट दिसलं. "ह्यातून बोलता म्हणे दोघं?" मी तिच्या डोक्यावर चढवलं. अंबाडा सोडावा लागला. बाबा आपलं हेल्मेट घालून अंगणाच्या टोकाला विहिरीपाशी गेले. "अगं ऐक... म्हणजे, वहिनी, ऐकू येतंय का?"

काकू एकदम स्तब्ध झाली. हात हेल्मेटवर तसेच. थोड्या वेळाने म्हणाली, "भावजी, अजून काहीतरी बोला." बाबा विहिरीच्या पाण्याबद्दल बोलले, पंपाबद्दल बोलले. तिने हेल्मेट काढलं तेव्हा डोळे भरलेले होते. "अगदी ह्यांचा आवाज," एवढंच म्हणाली आणि दूध बघायला आत गेली.

समोर उभे राहून बोलतात तेव्हा दोघा भावांचा आवाज मला कधी सारखा वाटला नव्हता. चंद्र दहानंतर ढगांतून बाहेर आला. दूध प्यायलो. बाबा आणि काकू ओटीवर बराच वेळ बसले होते.

दिवस चौथा: कुंभार्ली, पाऊस, पुणे

गुहागर ते पुणे, चिपळूण आणि कुंभार्ली घाटातून, म्हणजे जवळजवळ तीनशे किलोमीटर. पहाटे निघालो. काकूने आमसुलं आणि नव्या तांदळाची पुरचुंडी दिली.

घाट चढायला लागलो आणि परतीच्या पावसाने गाठलं. धारच लागली, वर धुकं. इंटरकॉमचं मला फार भय होतं. आमच्या सेटवर आयपी ६७ लिहिलंय, म्हणजे धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पण हे चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण घट्ट बसलेलं असेल तरच. काकूकडे रात्री चार्ज करून मी बाबांचं झाकण अर्धवट लावलं होतं. घाटाच्या पायथ्याशी थांबून हात फिरवला म्हणून सापडलं. पावसात थांबलात तर हेल्मेट उलटं ठेवू नका, ते वाटीसारखं भरतं. बाहेरचा डबा पाणी सोसतो, आतले स्पीकर आणि माईक तेवढं सोसत नाहीत.

घाटात मी "दोन मिनिटं" म्हटलं आणि ती चाळीस मिनिटं झाली. बाबा एक शब्द बोलले नाहीत. वर हेळवाकला धुकं विरळ झालं तेव्हा मी म्हटलं, "बोला आता."

"अगं ऐक. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो." ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आमच्या घरापर्यंत हादरा पोचला होता. फडताळातली भांडी खाली आली, आजोबांनी सगळ्यांना खळ्यात काढलं, काकांनी बाबांना पाठुंगळी घेतलं होतं आणि उजाडेपर्यंत खाली ठेवलं नाही. कोयनानगर डाव्या हाताला मागे पडलं तरी ते सांगतच होते. ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

पाटणला वडापाव. तिथे बाबांच्या फोनवर आत्याचा फोन आला आणि आमची लाइन तुटली, कारण दोघांचेही फोन आपापल्या सेटला जोडलेले होते. मग मी असं केलं: माझा फोन फक्त नकाशासाठी, कॉलचा आवाज बंद. येणारे फोन बाबा घेणार आणि मला निरोप सांगणार. चालवणाऱ्याने फोन मुळीच घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मागे माणूस बसलेला असताना तर नाहीच.

मल्हारपेठेवरून उंब्रजला हायवेला लागलो. ऐंशीच्या पुढे वाऱ्याचा आवाज चढतो आणि बाबांचे शब्द विरायला लागतात. म्हणून पंचाहत्तरवर राहिले. साताऱ्याला कंदी पेढे घेतले, खंबाटकीचा बोगदा पार केला आणि बाबांनी पुण्याला पहिल्यांदा आले त्याची गोष्ट काढली. १९७४. काका त्यांना कॉलेजात घालायला घेऊन आले होते. एसटी, पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत पोहे आणि दोन सदरे. स्वारगेटला उतरले तेव्हा रात्र झाली होती.

नवले पुलाच्या उतारावर मी "दोन मिनिटं" म्हटलं. ते थांबले. वारजं ओलांडल्यावर बरोबर तिथूनच पुढे सुरू केलं. सदाशिव पेठेतल्या वाड्यातली खोली, एका खोलीत पाच मुलं. काकांनी ट्रंक खाटेखाली सरकवली, खिशातले पैसे मोजले, परतीच्या तिकिटाचे ठेवून बाकीचे बाबांच्या हातात दिले.

इथे आमची सोसायटी आली. मी गाडी पार्किंगमध्ये लावली, स्टँड पाडला, इंजिन बंद केलं. कानात बाईचा आवाज आला, बॅटरी कमी आहे. बाबा उतरले नाहीत. मीही हेल्मेटच्या पट्ट्याला हात लावला नाही. वॉचमनकाका खुर्चीतून उठून बघायला लागले, ह्यांना झालं काय.

"अगं ऐक," बाबा म्हणाले. "तो जिन्यापर्यंत गेला आणि परत वर आला..."